मुक्त स्रोत प्रकल्पाच्या साइटवर जाहिराती घ्यायच्या असतील तर धोरण काय असावं?

मेधा_नाशिक:

नमस्कार मंडळी.

आम्ही काही जण मिळून मराठीतून संगणक वापरणाऱ्यांसाठी एक लहानशी साइट चालवतो. लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक कसा चालू करायचा, लिब्रेऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन तपासणी कशी बसवायची, मुक्त परवान्याचे फॉन्ट कुठले घ्यायचे, अशी माहिती तिथे आहे. पण सगळ्यात जास्त माणसं येतात ती फॉन्ट बदलायच्या पानावर. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तिथे चिकटवला की युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसेल अशा रूपात मिळतो. अशा जुन्या फायली शाळांत, ग्रामपंचायतींत, छापखान्यांत अजून ढिगाने पडून आहेत. कोड सगळा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे, कुणीही तो बघू शकतं.

खर्च आजवर आपापसात वर्गणी काढून भागवला. यंदा गर्दी वाढली म्हणून मोठा सर्व्हर घ्यावा लागला, आता वर्षाला साधारण १८,००० रुपये लागतील. गटातले दोघं अजून कॉलेजात शिकतात, त्यांच्याकडे वर्गणी मागायला जीभ रेटत नाही. म्हणून जाहिरातींचा विषय निघाला. समोर चार पर्याय आहेत.

पहिला, गूगल ॲडसेन्स, म्हणजे गूगलच आपल्या पानावर जाहिराती लावतं. कोड टाकायचा आणि विसरून जायचं. दुसरा, एका मार्केटिंग एजन्सीची मेल आली आहे: आमचा लेख तुमच्या साइटवर टाका, आत दोन लिंक असतील, लेखामागे ६,००० रुपये देऊ, फक्त 'प्रायोजित' असं कुठे लिहायचं नाही. नमुन्याचा लेख झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरचा होता. तिसरा, आमच्या भागातला एक दुकानदार जुने लॅपटॉप दुरुस्त करून, त्यात उबंटू हे लिनक्स घालून विकतो. वर्षाचे १०,००० द्यायला तयार आहे, बॅनर हवाय. चौथा, एक टायपिंग इन्स्टिट्यूट, त्यांना जीसीसी-टीबीसी या सरकारी संगणक टायपिंग परीक्षेच्या नव्या बॅचची जाहिरात करायची आहे.

गटात यावरून बरीच वादावादी झाली. एकाचं म्हणणं, पैसा कुठूनही येवो, साइट चालू राहिली पाहिजे. दुसरा म्हणतो, जाहिरात लागली की मी बाहेर. मला यातून वाट काढायची आहे, पण नियम लिहायला बसलं की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. इतर मुक्त स्रोत प्रकल्पांनी हे कसं सोडवलं? अनुभवी मंडळींनी जरूर लिहावं.

टर्मिनलवाला:

माझं मत सरळ आहे, जाहिरात नकोच. फेब्रुवारी २००२ मध्ये विकिपीडियावर पुढेमागे जाहिराती येतील अशी नुसती कुणकुण लागली, तर स्पॅनिश विकिपीडियाच्या बऱ्याच मंडळींनी वेगळी चूल मांडली. त्याच वर्षी विकिपीडिया डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर गेला आणि आजतागायत तिथे जाहिरात नाही. उबंटूने २०१२ मध्ये १२.१० आवृत्तीत शोधपट्टीत ॲमेझॉनच्या वस्तू दाखवल्या, लोक भडकले, शेवटी १६.०४ आवृत्तीपासून ते मुळातच बंद ठेवावं लागलं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी जाहिरातींचे कोट्यवधींचे प्रस्ताव नाकारले म्हणून आज डोळे मिटून ते उतरवून घेतो आपण. देणगीचं बटण लावा.

खिडकीबाहेर:

मेधाताई, मी पुण्यात डीटीपीची कामं करतो. दिवाळी अंक, स्मरणिका, वकिलांची कागदपत्रं. तुमचं ते फॉन्ट बदलायचं पान रोज उघडं असतं माझ्याकडे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टर्मिनलवाल्यांचा रोख मला पटतो, पण १८,००० रुपये दरवर्षी लागणार आहेत आणि देणगीचं बटण लावलं म्हणून ते जमतीलच असं नाही. जाहिरात घ्या. मात्र धोरणातलं पहिलं वाक्य हे असू द्या: बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी कुठलीही स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्राम, आमच्या पानावर चालणार नाही. बाकी सगळे नियम याच्यानंतर.

का ते सांगतो. माझ्याकडे बदलायला येणारा मजकूर कसला असतो बघा. मृत्युपत्राचा मसुदा. बहिणीने भावाच्या नावे केलेलं हक्कसोडपत्र. सोसायटीने थकबाकीदार सभासदाला काढलेली नोटीस, फ्लॅट नंबरासकट. लग्नाचे बायोडाटा, त्यात जन्मवेळ, पगार, मामांचं गाव, सगळं. हे सारं मी तुमच्या डाव्या चौकटीत चिकटवतो, बटण दाबतो आणि उजवीकडून उचलतो. बदलण्याचं काम ब्राउझरमध्येच होतं, मजकूर तुमच्या सर्व्हरपर्यंत जातच नाही, हे आधी कोड उघडून बघितलं आणि मगच गिऱ्हाइकांची कागदं तिथे टाकायला लागलो.

आता त्याच पानावर जाहिरात कंपनीची एक ओळ टाकली की काय होतं? बाहेरून आलेली ती स्क्रिप्ट त्या पानावर तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टइतक्याच अधिकाराने चालते. चौकटीत काय लिहिलंय ते तिला वाचता येतं. वाचतेच असा माझा आरोप नाही. पण वाचू शकते, आणि उद्या तिकडे कुणी ती फाइल बदलली तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. साइटचा कोड जीपीएलखाली खुला आहे हे तुमचं मोठं बळ आहे. पानावर चालणारा अर्धा कोड बाहेरचा झाला तर माझ्यासारख्याने तपासायचं काय?

हे कागदावरच ठेवू नका. सर्व्हरवरून पानाबरोबर ब्राउझरला कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी नावाचं हेडर, म्हणजे एक सूचना, पाठवता येते. स्क्रिप्ट फक्त आपल्याच डोमेनवरची चालू दे, एवढं त्यात लिहिलं की ब्राउझर बाहेरची स्क्रिप्ट चालवायला नकार देतो. सर्व्हरची ही सेटिंग रिपॉझिटरीत, म्हणजे तुमचा कोड जिथे सगळ्यांना उघडा आहे तिथेच, ठेवा. मग गटातल्या कुणी घाईघाईत जाहिरातीचा कोड चिकटवला तरी तो मुका राहील, आणि हेडर कुणी सैल केलं तर ते सगळ्यांना दिसेल.

दुसरी गोष्ट, डाउनलोडच्या पानावर जाहिरात नाही. कितीही पैसे आले तरी नाही. सोर्सफोर्जचं काय झालं ते नवीन मुलांना ठाऊक नसेल. १९९९ पासूनची ती साइट, एके काळी मुक्त सॉफ्टवेअर म्हटलं की तिथेच जायचं. पुढे तिथल्या डाउनलोड पानांवर अशा जाहिराती आल्या की ज्यात हुबेहूब डाउनलोडचं हिरवं बटण असायचं. २०१३ मध्ये डेव्हशेअर नावाची योजना आली, इन्स्टॉलरबरोबर भलतीच सॉफ्टवेअर देऊ करायची आणि मिळकत प्रकल्पाबरोबर वाटून घ्यायची. काही प्रकल्प राजीखुशीने त्यात गेले. चित्रं सुधारायच्या गिम्प या प्रोग्रामवाल्यांनी मात्र त्याच नोव्हेंबरात आपले विंडोजचे इन्स्टॉलर तिथून उचलले आणि स्वतःच्या सर्व्हरवर नेले, कारण म्हणून त्या फसव्या बटणांचं नाव घेतलं. मे २०१५ मध्ये कहर झाला. गिम्पचं तिथलं जुनं पान सोर्सफोर्जने बेवारस ठरवून स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि त्यावरून जाहिराती गुंडाळलेला इन्स्टॉलर वाटायला सुरुवात केली. लोक खवळले तेव्हा ते थांबलं. २०१६ च्या सुरुवातीला साइट विकली गेली, नव्या मालकांनी फेब्रुवारीत डेव्हशेअर बंद केलं. पण तोवर कितीतरी प्रकल्प निघून गेले होते. मी रोज गिम्प वापरतो, माझ्या गिऱ्हाइकांना मीच ते बसवून देतो. डाउनलोडची लिंक चुकीची दिली तर शिव्या मलाच पडतात, म्हणून हा विषय मला इतका लागतो.

आता नीट केलेलं उदाहरण. रीड द डॉक्स ही साइट हजारो मुक्त स्रोत प्रकल्पांची माहितीपत्रकं फुकट ठेवते, २०१० पासून. खर्चासाठी त्यांनी जाहिराती घेतल्या, पण स्वतःची पद्धत बसवून. जाहिरात त्यांच्याच सर्व्हरवरून येते. वाचक कोण, आधी कुठे गेला होता, याचा माग काढत नाहीत, समोरचं पान कशाबद्दल आहे ते बघून जाहिरात ठरते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पानावर पायथनवाल्यांना उपयोगी काहीतरी, बस. शिवाय जाहिरातीची काही जागा ते मुक्त प्रकल्पांना आणि परिषदांना विनामूल्य देतात. तुमचा जीव लहान आहे, तुम्हाला एवढी यंत्रणा नको. एक चित्र, एक ओळ, एक साधी लिंक, आणि वर 'जाहिरात' हा शब्द ठळक मराठीत.

एजन्सीला आजच नाही कळवा. पैसे घेऊन लिंक द्यायची आणि तसं सांगायचं नाही, हे गूगलच्या नियमांतही बसत नाही. पैशाच्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण लागते. चांगल्या नावाच्या साइटवर तिऱ्हाइताचे लेख घुसवून शोधात वर यायचं, या प्रकाराविरुद्ध तर त्यांनी २०२४ मध्ये वेगळं धोरणच काढलं. म्हणजे ६,००० रुपयांपायी तुमचं फॉन्टचं पान शोधात दिसेनासं व्हायचं. आपल्याकडेही केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत, छुपी जाहिरात हा त्यातलाच एक. साइट बनवायच्या वर्डप्रेस या मुक्त सॉफ्टवेअरच्या अधिकृत साइटवर २००५ मध्ये असेच हजारो लेख आत दडवून ठेवलेले सापडले होते. गूगलने ती पानं काढून टाकली आणि प्रकल्पाला जाहीर खुलासा द्यावा लागला.

लॅपटॉपवाला मला आवडला. त्याच्याकडून घ्या.

झेडपी_मास्तर:

वरचा डाउनलोडचा मुद्दा शाळेतून सांगतो. सिंधुदुर्गात प्राथमिक शाळेवर आहे. आमच्या संगणक खोलीत सातवीच्या मुलांना मी फॉन्ट उतरवून घ्यायला सांगितलं, दुसऱ्या एका साइटवरून. पानावर 'डाउनलोड' असं लिहिलेली तीन बटणं. खरं बटण खाली, राखाडी रंगाचं, बारीक. दोन मोठी हिरवी बटणं जाहिरातीची. पोरं हिरव्यावरच गेली, जाणारच. दोन मशीनवर ब्राउझरचं पहिलं पान बदललं आणि कोपऱ्यातून खेळांच्या सूचना यायला लागल्या. ते साफ करण्यात शनिवारची अर्धी शाळा गेली. मुलांनी काहीही चूक केली नव्हती, पानावर जे सगळ्यात ठळक होतं तेच दाबलं.

मेधाताई, तुमच्या साइटवर मुलांना मी बिनधास्त सोडतो. तेवढं जपा.

सह्याद्रीकर:

खिडकीबाहेर, तुम्ही जरा जास्तच कडक होताय. ॲडसेन्स फक्त लेखांच्या पानांवर टाका, फॉन्टच्या आणि डाउनलोडच्या पानावर नको. जाहिरात डाउनलोडची लिंक वाटेल अशा ठिकाणी लावू नका, असं त्यांच्याच नियमात आहे. नको ते विषय बंद करता येतात. मराठी मजकुरालाही चालतं. दुकानदाराच्या मागे बिलासाठी फिरण्यापेक्षा हे बरं नाही का?

खिडकीबाहेर:

लेखांच्या पानापुरतं ठेवलं तर चौकटीतला मजकूर वाचला जायची भीती राहत नाही, हे मान्य. पण वाचकाचा माग निघतो तो निघतोच. आणि कुठली जाहिरात दिसेल हे गटाच्या हातात राहत नाही. विषय बंद करता येतात, तरी नवनव्या नावांनी तेच लोक परत येतात, आणि प्रत्येक वाचकाला वेगळी जाहिरात दिसत असल्यामुळे मास्तरांच्या मुलांना काय दिसलं ते मेधाताईंना कधीच दिसणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणं हा २०२५ च्या कायद्याने गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड. असल्या विषयात आपल्या साइटवर काय लागलंय ते आपल्याला आधी माहीत असलंच पाहिजे.

मिळकतीचंही बघा. ॲडसेन्सचे पैसे खात्यात यायला आधी १०० डॉलर साठावे लागतात. ज्या पानांवर खरी गर्दी आहे ती दोन्ही वगळली, तर लेखांवर ते साठायला किती काळ लागेल? त्यापेक्षा दुकानदाराचे १०,००० एकरकमी येतात.

आमच्या दिवाळी अंकाच्या धंद्यात एक रीत आहे. मलपृष्ठ कुणाला द्यायचं, आतलं रंगीत पान कुणाला, हे संपादक आणि प्रकाशक बसून ठरवतात, दर छापील असतो, आणि जाहिरातदार कथेच्या पानात हात घालत नाही. जाहिरातींशिवाय दिवाळी अंक निघत नाही हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, कारण जाहिरात कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते डोळ्यांना दिसतं. तुमच्या साइटवर तेच करा.

ताळेबंद:

मी सीए आहे, पैशांपुरतं लिहितो. डोमेन आणि बँक खातं कुणाच्या नावावर आहे? गट नोंदलेला नसेल तर जाहिरातीची रक्कम ज्याच्या खात्यात जाईल, त्याच्याच पॅनवर ते उत्पन्न धरलं जाईल. शिकणाऱ्या मुलाच्या खात्यात चुकूनही घेऊ नका. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, म्हणजे एवढ्या रकमेला लागायची नाही. पण खातं ज्याच्या नावावर आहे तो आधीच स्वतःच्या धंद्यासाठी नोंदलेला असेल, तर या जाहिरातीवरही १८ टक्के लावून बिल काढावं लागेल. पुढेमागे ट्रस्ट केलात तर सार्वजनिक उपयोगाच्या संस्थेला अशी व्यापारी मिळकत एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर करमाफी धोक्यात येते.

देणगीचं बटण लावणार असाल तर अमेरिकेतली, इंग्लंडमधली मराठी मंडळी पैसे पाठवतील. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांचं ठीक. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी परदेशी ठरते, गटाला ती घ्यायची तर २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली परवानगी हवी. यात ढिलाई नको.

मेधा_नाशिक:

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला नकार कळवला. खातं माझ्या नावावर आहे, मी नोकरी करते, जीएसटी नाही, त्यामुळे तूर्त अडचण दिसत नाही.

लॅपटॉपवाल्यांशी बोलले. ते म्हणतात, बॅनर कितीदा बघितला गेला ते मला कसं कळणार? त्यांच्या ओळखीच्या मुलाने एक मोजणीचा कोड पाठवलाय, तो लावा म्हणतात. शिवाय त्यांना बॅनर फॉन्टच्या पानावरच हवाय. आणि इन्स्टिट्यूटला काय सांगू? दोन कंपन्यांनी नोकरीच्या जाहिराती टाकायलाही विचारलंय.

खिडकीबाहेर:

मोजणीचा कोड नको, हेडरमुळे तो तसाही चालणार नाही. मोजणी तुम्हीच करा. बॅनरची लिंक आधी आपल्याच साइटवरच्या एका पत्त्यावर न्या आणि तिथून दुकानाच्या पानावर पाठवा. सर्व्हरच्या नोंदीत त्या पत्त्यावर किती जण गेले ते येतंच. महिन्याचा एकच आकडा काढायचा, त्यांना द्यायचा आणि साइटवरही टाकायचा. वाचकांचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे त्यांच्या जोडणीचे क्रमांक) कुणाला द्यायचे नाहीत. दुकानदाराला गिऱ्हाईक हवंय, त्याला तेवढं पुरतं. बॅनरवर दुकानाचा फोन नंबर मोठा टाका, नाशिकची माणसं सरळ फोनच करतील.

फॉन्टच्या पानावर बॅनर लावायला हरकत नाही, चित्र आणि लिंक तुमच्या सर्व्हरवर असली की झालं. फक्त दोन्ही चौकटींच्या खाली, तळाला. चौकटी आणि बटण यांच्या मध्ये काही नको. हलणारं चित्र नको. चित्रात बटणासारखा आकार नको. 'आमच्या साइटने शिफारस केलेलं दुकान' असं त्याने कुठे लिहायचं नाही, आणि तुमच्या लेखांत त्याच्या लॅपटॉपचं कौतुक छापायचं नाही. मुदत एक वर्ष, नूतनीकरण आपोआप नाही.

टायपिंग इन्स्टिट्यूटची जाहिरात घेतली तरी चालेल, तुमचे निम्मे वाचक त्याच परीक्षेला बसणारे आहेत. पण 'शंभर टक्के पास', 'नोकरीची हमी' असली वाक्यं आधीच कापा. आणखी एक विचारा, ते मुलांना मुक्त फॉन्टवर, युनिकोडवर शिकवतात का? नसतील शिकवत तर मी तरी ही जाहिरात घेणार नाही. जुन्या फॉन्टमधून लोकांना बाहेर काढायला तुम्ही हे पान काढलंत, त्याच पानावरून मुलांना परत तिकडे पाठवायचं म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

नोकरीच्या जाहिराती वेगळ्या पानावर, फुकट. पगाराचा आकडा आणि कामाचं ठिकाण लिहिलेलं नसेल तर लावायची नाही. उमेदवाराकडून पैसे मागणारी असेल तर ताबडतोब काढायची.

आणि धोरणात नावं घाला. जाहिरात मंजूर कोण करणार? किमान तिघांची संमती, त्यातला एक तरी जाहिरातीला विरोध असलेला सहकारी. तुमचा तो 'मी बाहेर' म्हणणारा मित्र आहे ना, त्यालाच घ्या, तो बारकाईने बघेल. धोरणाची फाइल कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा, म्हणजे बदल कुणी, कधी, का केला ते दिसेल, आणि माझ्यासारख्या बाहेरच्यालाही हरकत नोंदवता येईल. वर्षाचा जमाखर्च तिथेच टाका, दुकानदाराचे १०,००० आणि सर्व्हरचे १८,००० दोन्ही. उरलेल्या ८,००० साठी बेंगळुरूच्या फॉस युनायटेडकडे अर्ज करून बघा, मुक्त स्रोत प्रकल्पांना ते अनुदान देतात. माझ्याकडून दरवर्षी १,००० धरा. खात्याचा तपशील खाजगी निरोपात पाठवा, इथे उघड लिहू नका.

मेधा_नाशिक:

मसुदा रविवारपर्यंत रिपॉझिटरीत टाकते आणि इथे दुवा देते. इन्स्टिट्यूटला फॉन्टबद्दल विचारलं, ते अजून जुन्या फॉन्टवरच शिकवतात. त्यांना सध्या नाही म्हटलंय, पण युनिकोडवर बॅच सुरू करायची असेल तर शिकवायचं साहित्य आम्ही देऊ असंही सांगितलं. त्यांच्या सरांनी पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलंय.